लाल बोरिंग

आमच्याकडे हातपंपाला बोरिंग म्हणतात. तर मागच्या उन्हाळ्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात (नाव राहू दे) एक लाल रंग दिलेलं बोरिंग पाहिलं. लाल म्हणजे पाण्यात फ्लोराइड आहे, पिऊ नका. आणि त्याच बोरिंगवर चार गुंड रांगेत! मी आपला शहाणपणा करत एका काकूंना विचारलं, "हे पाणी पिऊ नका असं सांगितलंय ना?"

"सांगतलं न बाबू. मंग कोनतं प्याचं, थे नाई सांगतलं."

झालं. दोन दिवस हेच वाक्य डोक्यात. आमच्या धंद्यात याला एरर मेसेज म्हणतात. 'चूक आहे' एवढं सांगायचं आणि पुढे काय करायचं ते सांगायचं नाही. युजर शिव्या घालतो, आणि बरोबरच करतो.

इथलं फ्लोराइड बहुतेक खडकातूनच विरघळून येतं. रंग नाही, वास नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. आपल्या मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं. खरा फटका लहान पोरांना. पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असतात ती वर्षं, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंतची, मोलाची. तेव्हा जास्त फ्लोराइड पोटात गेलं की दातांवर पांढुरके चट्टे, नाहीतर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, आणि ते घासून जात नाहीत. वर्षानुवर्षं तेच पाणी पीत राहिलं तर हाडं, सांधेही आखडतात. आणि आमच्याकडे दात पिवळे दिसले की पहिला संशय खर्‍यावर! दहा वर्षांच्या पोरीला चारचौघांत 'खर्रा खाते का गं?' म्हणून हिणवतात. तेव्हा जनजागृती नको असं मी म्हणत नाहीये. हवीच.

पण कशी, यावर वाचताना नायजेरियातल्या झामफारा राज्याची गोष्ट सापडली. तिथे विष मातीत होतं. सोन्याचं खनिज लोक घराशीच दळायचे, त्यात शिसं भरपूर, आणि अंगणातली ती धूळ रांगणार्‍या पोरांच्या हातातून पोटात जायची. २०१० मध्ये हे उघडकीस आलं. चारशेहून जास्त मुलं गेली. नुसतं 'हात धुवा' सांगून मोकळं होता आलं असतं. पण डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सवाल्यांनी आधी माती, मग औषध असा क्रम धरला. रक्तातलं शिसं काढायचं आणि पोराला परत त्याच अंगणात सोडायचं, याला काय अर्थ? मग अंगणांचा वरचा थर खरवडून नेला, चांगली माती टाकली. बागेगा गावाला मात्र निधी अडकल्यामुळे २०१३ पर्यंत वाट पाहावी लागली. पुढे खाणवाल्यांना यंत्रं गावाबाहेर न्यायला, खनिज ओलं करून दळायला, घरी यायच्या आधी कपडे बदलायला शिकवलं. म्हणजे पोटावर पाय न देता.

आता हे जिवतीच्या पहाडाला लावून बघा. गडचांदूरहून घाट चढला की वर कोलामांचे गुडे, गोंडांची गावं, बंजारा तांडे, दुष्काळाला कंटाळून मराठवाड्यातून येऊन वसलेली माणसं. एप्रिल-मेमध्ये तिथे पाण्यासाठी किती पायपीट होते ते दरवर्षी पेपरात येतंच. अशा ठिकाणी एखादं बोरिंग तपासणीत खराब निघालं आणि कुणी ते लाल करून निघून गेलं, तर बाई दुसरं कुठून आणणार? त्यात पोस्टर शाळेच्या मराठीत, आणि घरातलं बोलणं कोलामी नाहीतर गोंडी.

माझं मत विचाराल तर रंगाचा डबा उघडण्याआधी दुसरं पाणी कुठून आणि कधी येणार, हे त्याच गावात, त्याच भाषेत सांगायला हवं. आणि ते आणायला हवं.

तंत्र नाही असंही नाही. तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड खाली बसवायची नलगोंडा पद्धत १९७० च्या दशकापासून आहे. नाव तेलंगणातलं, काम आपल्या नागपूरच्या नीरीचं! पण ती रोज करावी लागते, तुरटी कुणीतरी आणावी लागते, गाळ कुणीतरी नीट टाकावा लागतो. आणि 'कुणीतरी' या पदाची भरती आपल्याकडे कधी निघत नाही. :) मध्य प्रदेशात झाबुआकडे आहारावरही काम झालंय, कॅल्शियमवाल्या पाल्यावर, म्हणजे आपला तरोटाच. पावसाळ्यात आमच्याकडे फुकट उगवतो. पोरांना जरूर खाऊ घाला, पण तो पाण्याच्या बदल्यात नव्हे.

जलजीवन मिशन २०१९ ला सुरू झालं, मुदत २०२४ ची होती ती २०२८ वर गेलीय. त्यात गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचा संच वापरायला शिकवायचं आहे. मला यातलं हे सगळ्यात पटतं. गुड्यावरच्याच बाईने शेजारणीला कोलामीत सांगितलं, तर ते पोस्टरपेक्षा नक्की जास्त ऐकलं जाईल.

असो. त्या काकूंशी एवढं बोलणं झालंच नाही. त्यांचा नंबर लागला, गुंड भरला, डोक्यावर घेतला आणि त्या निघाल्या. मागून पाच-सहा वर्षांचा पोरगा, त्याच बोरिंगवर कोल्ड्रिंकची जुनी बाटली भरून घेऊन, पीत पीत.