मंत्रिमहोदय, चौथी भेट मोजा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



मी पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवते. नववी-दहावीचे वर्ग माझ्याकडे असतात. नैराश्याने आजारी पडलेल्या मुलामुलींच्या उपचारांबद्दल आपल्याला लिहायचं आहे आणि मुख्य मागणी एकच आहे. ही मुलं पहिल्यांदा दवाखान्यात किती आली, हे आपलं खातं मोजत असेल. त्यातली किती चौथ्यांदा आली, हे मोजावं.

जनजागृती झालेली नाही, अशी तक्रार मी करणार नाही. दहा ऑक्टोबरला आमच्या शाळेतही मानसिक आरोग्य दिन होतो, फळ्यावर सुविचार लिहिला जातो, मुलं फेरी काढतात. बोर्डाच्या परीक्षेआधी समुपदेशकांचे क्रमांक वर्तमानपत्रात येतात. ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ १९९० पासून या विषयावर मराठीत बोलते आहे. नैराश्यातल्या एका तरुणाची गोष्ट सांगणाऱ्या ‘कासव’ या मराठी चित्रपटाला सुवर्णकमळ मिळालं. या सगळ्याचा उपयोग झाला. आमच्याकडची आई आता शाळेच्या दारात येऊन विचारते, “मॅडम, पोरीले डिप्रेशन त नसन?” पूर्वी ही आई देवऋष्याकडे जायची आणि आम्हाला काही कळायचंही नाही.

आई शाळेपर्यंत आली. आता मी तिला कुठे पाठवू, हे सांगा.

एका मुलीचं सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नववीत होती. ती रडत बसायची नाही, चिडायची. डबा तसाच परत न्यायची, बाक बदलून एकटी बसायची, वही कोरी ठेवायची. डोकं दुखतं, पोट दुखतं म्हणून घरी जायची. वयात आलेल्या मुलांचं नैराश्य पुष्कळदा असंच दिसतं. उदासीच्या जागी चिडचिड असते, मनाचं दुखणं अंगावर निघतं. घरच्यांना तो उद्धटपणा वाटतो, शिक्षकांना आळस. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिला पित्ताच्या आणि लोहाच्या गोळ्या मिळाल्या. कोणी दृष्ट काढली. शेवटी आई-बाप तिला जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये घेऊन गेले. पहाटेची एसटी, केसपेपरची रांग, दिवसभराची मजुरी बुडाली. डॉक्टर चांगले होते. त्यांनी मुलीशी एकटीशी बोलून घेतलं, आई-बापाला आजार समजावून सांगितला, गोळी लिहून दिली आणि पंधरा दिवसांनी बोलावलं.

पंधरा दिवसांनी डॉक्टर दिव्यांग प्रमाणपत्राच्या शिबिराला गेले होते. त्यापुढच्या खेपेला ते भेटले, पण गोळी संपलेली होती आणि चिठ्ठीवर ‘बाहेरून घ्या’ असं आलं. त्यानंतरची तारीख कापसाच्या वेचणीत आली. घरात कोणालाच सवड नव्हती. मुलीला थोडं बरं वाटत होतं, आजीने सांगितलं की गोळ्यांची सवय लागते, आणि औषध बंद झालं. पुढचे काही महिने त्या घराने फार वाईट काढले. आज ती मुलगी बरी आहे, कॉलेजात जाते. तिच्या मामाने शेतीची कामं मागे टाकून तिला दर महिन्याला मोटारसायकलवर जिल्ह्याला नेलं, म्हणून ती बरी आहे. ज्या मुलीला असा मामा नाही, तिची सोय आपल्या खात्याकडे काय आहे?

या कहाणीत दोष कोणा एकाचा नाही. डॉक्टर, परिचारिका, आई-बाप सगळ्यांनी आपापलं केलं. पण हा उपचार एका भेटीत होणारा नाही आणि आपली व्यवस्था एका भेटीसाठी बांधलेली आहे. मोडलेल्या हाताला प्लास्टर घालून ‘महिन्याने या’ म्हणता येतं. इथे तसं चालत नाही. नैराश्य सौम्य असेल तर बोलण्याच्या उपचारांवर भागतं, पण ते बोलणं दर आठवड्याला, निदान पंधरवड्याला व्हावं लागतं. आजार मध्यम किंवा तीव्र असेल तर सोबत औषध लागतं. या वयात बहुधा फ्लुऑक्सेटिन देतात. ते महाग नाही, राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. पण त्याचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यानंतरही सहा महिने ते वर्षभर ते चालू ठेवावं लागतं. सुरुवातीच्या आठवड्यांत काही मुलांच्या मनात जीव देण्याचे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये अशा गोळ्यांवर ठळक इशारा छापायला लावला. त्या इशाऱ्याला घाबरून औषध टाळायचं नसतं. त्या आठवड्यांत मुलाला वारंवार बघायचं असतं. आणि आमच्याकडे नेमके तेच आठवडे रिकामे जातात.

औषध आणि समुपदेशन दोन्ही कशाला, एक काहीतरी पुरे, असं आपले अधिकारी म्हणत असतील तर त्यांना एक अभ्यास दाखवावा. अमेरिकेत ४३९ किशोरवयीन रुग्णांवर झालेला हा अभ्यास २००४ मध्येच प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनी, फ्लुऑक्सेटिन आणि समुपदेशन दोन्ही मिळालेल्या मुलांपैकी ७१ टक्के सुधारली होती. नुसत्या औषधावर ६१ टक्के, नुसत्या समुपदेशनावर ४३ टक्के आणि औषध नसलेल्या गोळीवर ३५ टक्के. बारा आठवडे दोन्ही उपचार नीट पोचले तर दहातली सात मुलं सुधारतात, असा हा आजार आहे. म्हणूनच उपचार अर्ध्यावर सुटतो तेव्हा जिवाची तगमग होते.

राज्याचे आकडे आपल्यासमोर असतीलच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदींनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले होते, सर्व राज्यांत जास्त. प्रत्येकामागे नैराश्यच होतं असं मी म्हणत नाही. परीक्षा, घरातली भांडणं, कर्ज, छळ, प्रेम, सगळंच असतं. पण ज्यांच्या बाबतीत आजार होता, त्यांच्यावर उपचार होऊ शकले असते. आजारी मुलं किती, याचा मात्र राज्याकडे भरवशाचा अंदाज मिळत नाही. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता.

कायदा मात्र आपल्या बाजूने, म्हणजे मुलांच्या बाजूने, अगदी स्पष्ट आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या अठराव्या कलमात सरकारने द्यायच्या सेवांमध्ये मुलांसाठीच्या मानसिक आरोग्य सेवा नाव घेऊन सांगितल्या आहेत. अत्यावश्यक औषधांच्या यादीतली औषधं सरकारी संस्थांमध्ये सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वर, मोफत आणि सदासर्वकाळ मिळाली पाहिजेत, असं तेच कलम सांगतं. सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणजे आपल्याकडचं ग्रामीण रुग्णालय. ते आमच्या तालुक्यात आहे, शाळेपासून चालत जाता येतं. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल तर रुग्णाने जिल्ह्यातल्या दुसऱ्या सेवेकडे जावं आणि खर्च सरकारने द्यावा, हेही त्याच कलमात आहे. मामाच्या मोटारसायकलवर जे चाललं ते कायद्याप्रमाणे सरकारने करायचं होतं, हे मला फार लागतं.

मनोविकारतज्ज्ञ कमी आहेत, हे मला कळतं. देशात लाखामागे एकही पडत नाही, मुलांचे तज्ज्ञ तर त्याहून दुर्मीळ. तालुक्याला एक तज्ज्ञ नेमा, अशी अशक्य मागणी मी करत नाही. मागते आहे ती एक ठरलेली दुपार.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाने प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक दुपार अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी राखून ठेवावी. शाळा सुटल्यानंतरची वेळ असावी, वार ठरलेला असावा, आणि तो प्रमाणपत्रासाठी किंवा शिबिरासाठी मोडू नये. मधल्या आठवड्यांत प्रशिक्षित समुपदेशकाने मुलाला भेटावं किंवा फोन करावा. चौथ्या भेटीला मूल आलं नाही तर कोणीतरी घरी विचारायला जावं. क्षयरोगाचा रुग्ण औषध सोडतो तेव्हा आपल्याच खात्याची माणसं त्याच्या दारात जातात. म्हणजे हे आपल्याला करता येतं.

समुपदेशक कुठून आणायचे, हा प्रश्न येईल. गोव्यातली संगत ही संस्था १९९६ पासून याच प्रश्नावर काम करते आहे. त्यांच्या ‘प्राइड’ प्रकल्पात दिल्लीच्या सरकारी शाळांत साध्या, तज्ज्ञ नसलेल्या पण नीट शिकवलेल्या समुपदेशकांनी तीन आठवड्यांत चार-पाच बैठका घेतल्या. मुलांना सतावणाऱ्या अडचणी त्यामुळे हलक्या झाल्या. गंभीर आजारी मुलाला एवढ्याने पुरणार नाही, त्याला डॉक्टरच लागतील. पण शंभर मुलांतून ते एक मूल ओळखायला आणि उरलेल्यांना वेळीच हात द्यायला अशी माणसं पुरेशी असतात. ती तालुक्यात तयार करता येतात.

आपल्याच राज्यातलं उदाहरण देते. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू झाला. आशाताईंनी घरोघर जाऊन खचलेल्या शेतकऱ्यांना प्रश्न विचारले, झोप येते का, जगावंसं वाटतं का. ज्या घरात बाप खचलेला असतो त्याच घरात दहावीचं पोरगं असतं. त्याला कोणी हे विचारत नाही. त्या आशाताईच्या हातात आणखी चार प्रश्न द्या, आणि त्या कामाचा मोबदलाही द्या. फुकटच्या कामाचं ओझं तिच्यावर आधीच पुष्कळ आहे.

शाळांचं खातं आपलं नाही, तरी आपल्या सहकारी मंत्र्यांशी बोलावं. २५ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक पात्र समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण मिळावं. आमच्या शाळेत शंभराहून कितीतरी जास्त मुलं आहेत. समुपदेशकाचं काम आजही वर्गशिक्षिकाच करते, पेपर तपासता तपासता. मी ते आनंदाने करते. पण मला मुलांचं ऐकून घेता येतं, त्यांच्यावर उपचार करता येत नाहीत. आणि जे मूल उपचारांसाठी जिल्ह्याला जातं, त्याचा तो दिवस हजेरीपटावर गैरहजर म्हणून लागतो. ताप आला, पाय मोडला तर शाळा समजून घेते. मनाच्या आजाराचा कागद आई-बाप शाळेत आणतच नाहीत, कारण उद्या मुलीचं लग्न जमवताना तो आड येईल अशी त्यांना भीती असते. कारण न लिहिता नुसत्या रुग्णालयाच्या शिक्क्यावर ती सुट्टी मान्य व्हावी, एवढं एक परिपत्रक निघालं तर फार मोठी सोय होईल.

ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं, तिथेच ही दुपार भरवा. खोलीवर ‘मनोविकार’ अशी पाटी नको. मुलगी तिथे पाळीच्या तक्रारीसाठी आली की मन लागत नाही म्हणून आली, हे बाहेर बसलेल्या गावकऱ्याला कळायचं कारण नाही.

हे सगळं एकदम राज्यभर होणार नाही, हे मान्य. प्रेरणा प्रकल्पाच्या चौदा जिल्ह्यांपैकी एका जिल्ह्यात सुरू करा. वर्षभर चालवा. वर्षाच्या शेवटी किती शिबिरं झाली, किती पत्रकं वाटली, याचा अहवाल मागवू नका. पहिल्यांदा आलेल्या मुलांपैकी चौथ्या भेटीपर्यंत किती टिकली, आणि त्या काळात औषध किती दिवस संपलेलं होतं, हे दोनच आकडे मागवा आणि विधिमंडळात मांडा. ते आकडे पहिल्या वर्षी वाईट येतील. तरी मांडा.

हे पत्र ज्या पालकांच्या वाचनात येईल त्यांच्यासाठी एवढंच लिहिते. मूल दोन आठवड्यांहून जास्त काळ बदललेलं दिसत असेल, झोप, भूक, अभ्यास, मैत्री यांतलं काही सुटत चाललं असेल, तर त्याच्याजवळ बसून सरळ विचारा. जीव नकोसा होतो का, हेही विचारा. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. ते ‘हो’ म्हणालं तर त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. गोळी सुरू झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. सरकारच्या टेली मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका