बिबट्याला गोळी घालायची परवानगी मिळाली, तरी उसातला बिबट्या हटणार का?

कराड : रान आमचं, शेळी आमची, मग बिबट्या मारायला परवानगी सरकारची कशाला? कराड, पाटण, शिराळा, वाळवा या पट्ट्यात हा प्रश्न पारावर रोज निघतो. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पिंपरखेडला २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागोपाठ बळी गेले, लोक महामार्गावर उतरले आणि शेवटी बिबट्याला गोळी घालावी लागली. तेव्हापासून बिबट्याला कायद्याच्या अनुसूची १ मधून काढा, या मागणीला जोर आला. मागणीमागचा राग खरा आहे. पण ती मान्य झाली तर शेतकऱ्याच्या पदरात नेमकं काय पडेल, हे कुणी सांगत नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि तो फक्त जंगलापुरता नाही. सातबारा तुमच्या नावावर असला तरी त्यात फिरणारं रानटी जनावर तुमचं होत नाही. दक्षिण आफ्रिकेत कुंपण घातलेल्या मोठ्या खासगी रानांत मालक पैसे घेऊन शिकार करू देतात. आपल्याकडं तसं नाही. कुणी स्वतःची जमीन वन्यजीवांसाठी समुदाय राखीव म्हणून दिली तरी तिथंही शिकारीला मुभा नाही. आणि शिकार म्हणजे नुसती बंदूक नव्हे, पिंजरा आणि फासकीसुद्धा कायद्याने शिकारच. त्यामुळं बिबट्यासाठी पिंजरा लावायचा तरी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. इकडं गाव म्हणतं, साहेब टाळाटाळ करतायत.

एक सवलत मात्र आहे. अंगावर आलेल्या जनावरापासून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना ते मेलं तर कलम ११ प्रमाणे गुन्हा होत नाही. पण शेळी नेली म्हणून मारलं तर तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते.

बरं, अनुसूची २ मध्ये आणला तर? रानडुक्कर तिथंच आहे, त्याच्याकडं बघा. पिकाचं नुकसान करणारं डुक्कर परवानगी घेऊन मारता येतं, असा निर्णय राज्यात २०१५ मध्येच झाला. म्हणून मका, भुईमुगातलं डुक्कर कमी झालं का? परवान्याची बंदूक गावात एखाद्याकडं, तीही निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा. अर्ज, पंचनामा होईपर्यंत कळप पुढच्या शिवारात. मग लोक तारेत करंट सोडतात आणि त्यात कधी बिबट्या मरतो, कधी शेजारचा माणूस. बिबट्याच्या बाबतीतही कागद बदलेल, पण परवानगी लागणारच आणि बंदूक कुणाची हा प्रश्न राहणारच.

पकडून लांब सोडायचा प्रयोगही झालेला आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागातून शंभरावर बिबटे उचलले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला. आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, ते १७ वर गेले. मारणं आणि हलवणं एक नव्हे, हे मान्य. पण एक गेला की मोकळ्या जागेत दुसरा येतो, हे दोन्हीकडं सारखंच. अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला. म्हणजे लपायला ऊस, प्यायला पाटाचं पाणी आणि खायला उकिरड्यावरची कुत्री. हे सगळं तसंच ठेवून एक बिबट्या मारला, तर जागा रिकामी राहील कशी?

हंगामात ऊस तुटायला लागला की मादी पिल्लं घेऊन एका फडातून दुसऱ्या फडात जाते. सगळ्यात उघड्यावर असतो तो ऊसतोड मजूर. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये कराड तालुक्यातल्या येणके इथं बळी गेला तो ऊसतोड मजुराच्याच पाच वर्षांच्या पोराचा. त्यांना ना ग्रामसभेत मत, ना इथं सातबारा. कारखाने मजुरांच्या टोळ्या आणतात, पण खोपीला दार आणि उजेड द्यायचा विषय कुठल्याच वार्षिक सभेत येत नाही. दुसरी गोष्ट रात्रीच्या विजेची. दिवसा वीज मिळाली तर अंधारात पाणी पाजायला उसात उतरावंच लागणार नाही. बंदुकीच्या परवानगीपेक्षा ही मागणी मोठ्यानं व्हायला हवी, कारण ती मान्य झाली तर खरोखर जीव वाचतात.

आणि हक्काचे पैसे. माणूस दगावल्यास २५ लाख, त्यातले १० लाख लगेच आणि बाकी ठेवीत. गाय, म्हैस, बैल मेला तर बाजारभावाच्या ७५ टक्के, पण ७० हजारांच्या आत. शेळी-मेंढीला १५ हजारांपर्यंत. शेळी उचलून आधीच पुरली तर अर्ज बाद होऊ शकतो. जनावर मेलं तिथून हलवू नका, मोबाइलवर फोटो काढा आणि ४८ तासांच्या आत वनरक्षकाला कळवा. फोन लागत नसेल तर वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे.