वास थिनरचा, धोका हार्डनरचा

देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याची संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. गल्लीतल्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये एक मिस्त्री, एक पेंटर आणि हाताखाली दोन पोरे असतात. म्हणजे फुप्फुसांना सर्वाधिक धोका असलेल्या कामांपैकी एक काम कायद्याच्या मोजणीत येतच नाही.

गाडी रंगवताना नाकाला झोंबतो तो थिनरचा वास. त्याने डोके दुखते, गरगरते, म्हणून पेंटर तोंडाला रुमाल बांधतो. पण खरी काळजी करायची ती हार्डनरची. गॅरेजमध्ये ज्याला ‘पीयू’ किंवा ‘टू-के’ म्हणतात, त्या रंगात आणि वरच्या क्लिअर कोटमध्ये हार्डनर मिसळावा लागतो. त्यात आयसोसायनेट गटातली रसायने असतात. १९८४ मध्ये भोपाळमध्ये गळलेला मिथाईल आयसोसायनेट हा याच कुळातला. हार्डनरमधली रसायने त्याच्यासारखी झटपट वायुरूप होत नाहीत; पण स्प्रे गनमधून त्यांचे बारीक तुषार उडतात आणि श्वासावाटे आत जातात. घातक प्रमाणात असूनही त्यांचा वास जाणवत नाही. साध्या उजेडात विरळ तुषार दिसतही नाहीत.

या रसायनांमुळे दमा होऊ शकतो. काहींना काही महिन्यांत, तर काहींना अनेक वर्षांनी. श्वासाबरोबरच त्वचेवाटेही शरीराला त्यांची अ‍ॅलर्जी जडू शकते. एकदा ती जडली, की अगदी थोड्या संपर्कानेही दम्याचा झटका येतो. त्रास बऱ्याचदा काम संपल्यावर, संध्याकाळी किंवा रात्री सुरू होतो. त्यामुळे खोकल्याचे खापर हवेवर, धुळीवर नाही तर विडीवर फुटते.

रुमाल किंवा साधा कापडी मास्क इथे निरुपयोगी आहे. कोळशाच्या डबीचा मास्क रुमालापेक्षा बरा. पण त्याची डबी संपली, तरी वास न येणाऱ्या रसायनाबाबत ते कळणार कसे? म्हणून फवारणीसाठी स्वच्छ हवा नळीतून पुरवणारा मास्क सुचवला जातो. त्या हवेसाठी कॉम्प्रेसर मोकळ्या, धूरविरहित जागी हवा आणि श्वासासाठीचे फिल्टरही हवेत. फवारणी थांबताच रंग कसा बसला ते पाहायला मास्क वर करण्याची सवय घातक, कारण तुषार अजून हवेतच असतात. हातमोजे घालावेत, रंगाचे हात थिनरने धुऊ नयेत, पुट्टी शक्यतो ओली घासावी. फवारणी चालू असताना हाताखालच्या पोरांना आणि ग्राहकाला लांब ठेवावे. बेस कोट पाण्यावर आधारित असला, तरी क्लिअर कोटमध्ये बहुधा हार्डनर असतोच.

युरोपीय संघाने २४ ऑगस्ट २०२३ पासून अशी रसायने व्यवसायात वापरणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचे केले. तिथली अट रसायनाच्या प्रमाणावर आहे, कामगारांच्या संख्येवर नाही. आपल्या संहितेतही केंद्र सरकारने धोकादायक म्हणून अधिसूचित केलेल्या कामांना संख्येची अट न लावण्याची तरतूद आहे. हार्डनर मिसळलेल्या रंगाची फवारणी त्यात यायला हवी. शिवाय हार्डनरच्या डब्यावरची सूचना पेंटरला वाचता येईल अशी, मराठीत असावी.

तोवर एक काम डॉक्टरांच्या हातात आहे. खोकला किंवा धाप घेऊन आलेल्या तरुणाला दोन प्रश्न विचारावेत: काम काय करतोस? आणि सुट्टीच्या दिवशी, गावी गेल्यावर बरे वाटते का? उत्तर ‘हो’ असेल, तर केवळ पंप लिहून देऊन थांबू नये. श्वासाची तपासणी करावी, छातीच्या तज्ज्ञाकडे पाठवावे. दमा लवकर ओळखून माणूस फवारणीपासून दूर झाला, तर बरे होण्याची शक्यता वाढते. उशीर झाला, तर गॅरेज सोडल्यावरही दमा सोबत राहतो.