दैवी गुणांच्या यादीत 'अभय' पहिले का?

मार्गशीर्ष महिन्यात गीता जयंती येते आणि ठिकठिकाणी गीता पाठांतराच्या स्पर्धा सुरू होतात. बारावा, पंधरावा, सोळावा अध्याय मुले न अडखळता म्हणतात. पालक कौतुकाने ऐकतात, परीक्षक उच्चारांना गुण देतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पाठांतराने वाणीला वळण लागते, संस्कृतची गोडी लागते. पण सोळाव्या अध्यायात जे सांगितले आहे ते आपल्या वर्गात आणि घरात कितपत उतरते, हा प्रश्न शिक्षक आणि पालक म्हणून आपण स्वतःला विचारायला हवा.

या अध्यायाचे नाव आहे दैवासुरसंपद्विभागयोग. एकूण २४ श्लोक. पहिल्या तीन श्लोकांत दैवी संपत्तीचे २६ गुण मोजून दिले आहेत. दान, स्वाध्याय, अहिंसा, सत्य, दया, क्षमा, धैर्य, शुचिता असे आपल्या ओळखीचे सगळे गुण त्यात आहेत. आता गंमत बघा. सत्य या यादीत अकरावे आहे, अहिंसा दहावी, दान चौथे. मग पहिला क्रमांक कोणाचा? अभयाचा! भीती नसणे हा पहिला दैवी गुण.

हा क्रम सहज घडलेला नसावा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यात सोळाव्या अध्यायाबद्दल बोलताना विनोबांनी या गुणांना सैन्याची उपमा दिली आहे. सैन्याच्या आघाडीला अभय उभे आहे आणि पिछाडी सांभाळायला नम्रता. मधले सगळे गुण या दोघांच्या आधाराने टिकतात. यादीतला शेवटचा, सव्विसावा गुण आहे नातिमानिता, म्हणजे स्वतःला फार मोठे न समजणे. म्हणजे सुरुवात निर्भयतेने आणि शेवट नम्रतेने. मुले घडवण्याचा याहून चांगला आराखडा कोणता असू शकतो?

भीतीतून जन्मतो तो दंभ

आता आपण काय करतो ते पाहू. लहान मूल जेवत नाही, तर बागुलबुवा येतो. ऐकत नाही, तर पोलीसकाकांना बोलावतो. थोडे मोठे झाले की "थांब, बाईंनाच सांगते" ही धमकी. शाळेत "बाबांना बोलावून आणायला सांगेन." म्हणजे घर शाळेच्या नावाने भीती दाखवते आणि शाळा घराच्या नावाने. वर देवही यातून सुटत नाही. "खोटं बोललास तर देव शिक्षा करेल," असे आपण अगदी सहज बोलून जातो. हेतू चांगलाच असतो. मुलाने खरे बोलावे, नीट वागावे एवढेच आपल्याला हवे असते.

पण भीती घालून सत्य शिकवता येते का? माझे स्पष्ट मत आहे की नाही. वर्गात काचेचा ग्लास फुटला. "कोणी फोडला?" असा आवाज चढला की तीस-चाळीस चेहरे एकदम निरागस होतात. फोडणाऱ्याला सत्य माहीत आहे, सत्य बोलावे हेही माहीत आहे. त्या दिवशीच्या परिपाठातला सुविचारही कदाचित सत्यावरच असेल. तरी तो बोलत नाही, कारण बोलण्याची किंमत त्याला माहीत आहे. तो पाहतो की खरे बोलणाऱ्याला मार बसतो किंवा चारचौघांत अपमान होतो, आणि गप्प राहणारा सुटतो. हाही एक पाठच झाला. तो आपण शिकवला नाही असे आपल्याला वाटते, पण मूल तो शिकते.

दैवी गुणांनंतर लगेच चौथ्या श्लोकात आसुरी संपत्ती सांगितली आहे. तिची यादी लहान आहे. तिच्यात पहिले नाव कोणाचे? दंभाचे! दंभ म्हणजे ढोंग. आत एक, बाहेर एक. एका यादीच्या सुरुवातीला अभय आणि दुसरीच्या सुरुवातीला दंभ. मला हे फार महत्त्वाचे वाटते. कारण भ्यालेले मूल वाईट होतेच असे नाही, पण ते चांगले दिसायला मात्र नक्की शिकते. बाई वर्गात असताना हाताची घडी, बाई बाहेर गेल्या की गोंधळ. आईसमोर अभ्यास, आई पाठमोरी झाली की मोबाईल. आपण याला शिस्त म्हणतो. गीतेच्या यादीत त्याला दुसरे नाव आहे.

त्याच आसुरी यादीत क्रोध आणि पारुष्यही आहेत. पारुष्य म्हणजे बोलण्या-वागण्यातला कठोरपणा. हे शब्द वाचताना आपल्या डोळ्यांसमोर पुराणातले राक्षस येतात. पण गृहपाठाची वही फेकताना निघालेला आवाज, "तुझ्या डोक्यात शिरणारच नाही" हे वाक्य, हेसुद्धा त्याच शब्दात बसते.

चहाडीला आपणच बक्षीस देतो

२६ गुणांत पंधरावा गुण आहे अपैशुन. हा शब्द मुलांना अवघड वाटतो, पण अर्थ अगदी वर्गातला आहे. चहाडी न करणे, पाठीमागे कोणाचे वाईट न सांगणे. आणि आपली वर्गातली जुनी पद्धत काय? शिक्षक बाहेर जाताना मॉनिटरला सांगतात, "बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिही." म्हणजे एका मुलाला चहाडीचे काम अधिकृतपणे दिले. मित्राचे नाव पुसायचे, नावडत्याचे ठेवायचे, हा व्यवहारही तिथेच सुरू होतो.

याऐवजी प्रत्येकाने स्वतःबद्दल सांगावे अशी सवय लावता येते. शिक्षक परत आल्यावर विचारतील, "काम कुठवर आलं? कोणाचं अडलं?" ज्याने काम केले नाही तो स्वतःच सांगेल. पण केव्हा? सांगितल्यावर ओरडा बसणार नाही, मदत मिळेल, याची खात्री असेल तेव्हाच. इथेही पुन्हा अभयच आधी लागते. मात्र एक फरक मुलांना नीट सांगायला हवा. कोणी कोणाला त्रास देत असेल, कोणी संकटात असेल, तर ते मोठ्यांना सांगणे ही चहाडी नाही. ती दया आहे, आणि तीही याच यादीत आहे.

मग शिस्तीचे काय?

इथे अनेक शिक्षक आणि पालक विचारतील, "भीतीच उरली नाही तर मुलं डोक्यावर बसतील, त्याचं काय?" शंका खोटी नाही. पन्नास मुलांचा वर्ग सांभाळणे म्हणजे काय असते ते वर्गावर उभे राहणाऱ्यालाच माहीत.

पण गीतेची यादी नुसत्या अभयावर थांबत नाही. त्यात दम आहे, म्हणजे इंद्रियांवर ताबा. अचापल आहे, म्हणजे उगाच चाळे न करणे. ह्री आहे, म्हणजे चुकीचे करताना मनातून वाटणारी लाज. ही लाज आतून येते. चारचौघांत उभे करून आणलेली लाज वेगळी. तिने मूल सुधारत नाही, कोडगे होते. म्हणजे अभय आणि शिस्त एकमेकांचे वैरी नाहीत. धाकाची शिस्त धाक असेपर्यंतच टिकते.

ज्ञानेश्वरांनी अभय समजावताना साधा दृष्टांत दिला आहे. जो महापुरात उडीच घेत नाही त्याला बुडण्याची भीती नसते, आणि जो पथ्य पाळतो त्याला रोगाची धास्ती नसते. मला यात शाळेपुरता एक अर्थ दिसतो. अभय म्हणजे मोकाट सुटणे नव्हे. पथ्य पाळल्यामुळे येणारा निर्धास्तपणा म्हणजे अभय. ज्याने अभ्यास केला आहे त्याला परीक्षेचे भय कमी. वर्गाचे नियम मुलांनी मिळून ठरवले असतील, सर्वांना सारखे लागू असतील, तर नियम पाळणारे मूल निर्धास्त असते.

आणि कायदाही हेच सांगतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. कायद्याने छडी गेली. आता जीभ आणि नजर आपल्यालाच सांभाळायची आहे.

दोन याद्या, पण मुले दोन प्रकारची नाहीत

हा अध्याय शिकवताना एक धोका आहे. दोन याद्या ऐकल्या की आपण मुलांचीही वाटणी करतो. हा गुणी, तो राक्षस! पण गीतेत पुढे काय घडते ते पाहा. आसुरी गुण ऐकून अर्जुनाच्या मनात शंका आली असेल, आपण कोणत्या यादीत? त्याने तसे विचारलेही नाही. पाचव्या श्लोकात श्रीकृष्ण आपणहून त्याला धीर देतात की तू दैवी संपत्ती घेऊन जन्मला आहेस, शोक करू नकोस. हे कोणाला? जो युद्धाच्या सुरुवातीला धनुष्य टाकून खाली बसला होता त्याला! विद्यार्थी खचलेला असताना त्याच्यातले चांगले त्याला दाखवणे, हे गुरूचे काम तिथे आहे. वर्गातल्या सर्वांत खोडकर मुलालाही हे वाक्य कोणीतरी म्हणायला हवे.

रोजच्या जगण्यात काय करता येईल?

२६ गुणांचा तक्ता भिंतीवर लावण्यापेक्षा चार गोष्टी पुरेत.

१. मुलाने चूक कबूल केली की आधी "सांगितलंस, बरं केलंस" म्हणायचे. मग चूक दुरुस्त करायला लावायची. ग्लास फुटला तर काचा मोठ्यांनी उचलायच्या, फरशी त्याने पुसायची.

२. "कळलं नाही" म्हणणाऱ्या मुलाला हसू द्यायचे नाही. प्रश्न विचारणे हेही अभयच आहे.

३. घरात आणि शाळेत एकमेकांच्या नावाची भीती घालणे थांबवायचे.

४. आपले चुकले तर मोठ्यांनीही मुलांसमोर "माझं चुकलं" म्हणायचे. मुले नम्रता यातूनच शिकतात.

यात कोणत्याही एका धर्माच्या मुलांपुरते काही नाही. वर्गातल्या प्रत्येक मुलाला हे लागू आहे, संस्कृत नावे सांगितली नाहीत तरी चालेल.

पुढच्या गीता जयंतीला मुले सोळावा अध्याय म्हणतील तेव्हा पहिलाच शब्द 'अभय' येईल. तो म्हणताना एखाद्या मुलाचे पाय थरथरत असतील, एखादा श्लोक विसरेल आणि भेदरून आपल्याकडे बघेल. त्या क्षणी आपला चेहरा कसा असेल, यावर त्याला तो शब्द कळणार की नुसता पाठ होणार, हे ठरेल.