श्रद्धेला पुस्तकांचे भय कसले?

आमच्या घराघरांतून काचेचे एक कपाट असते. त्यात पेले असतात, पदके असतात, लग्नातल्या भेटवस्तू असतात. पुस्तक मात्र नसते. पहिल्या कम्युनियनच्या मेजवानीवर हजारो रुपये उधळणारे आम्ही चारशे रुपयांचे पुस्तक ‘महाग’ म्हणून परत ठेवतो. हे दारिद्र्य खिशाचे नव्हे.

इतिहास-विज्ञान वाचून श्रद्धा ढळते, असे काही वडीलधारे म्हणतात. आम्हांला ते मान्य नाही. मठात वाटाण्यांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम १८६६ साली प्रसिद्ध करणारे ग्रेगोर मेंडेल संन्यस्त होते. विश्व प्रसरण पावते असे १९२७ साली मांडणारे जॉर्ज लेमेत्र धर्मगुरू होते. ढळते ते अज्ञान.

टोनी जोसेफ यांचे ‘अर्ली इंडियन्स’ (२०१८) आधी वाचावे. सुमारे ६५,००० वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्या माणसांपासून पुढच्या स्थलांतरांचा माग ते जनुकशास्त्र व पुरातत्त्व यांच्या आधारे काढतात. ख्रिस्ती म्हणजे परके, असे कोणी हिणवले की आम्ही मान खाली घालतो किंवा संतापतो. हे पुस्तक वाचलेला तरुण शांतपणे सांगेल, की येथे सारेच कधी ना कधी बाहेरून आले आणि एकमेकांत मिसळले. पण तोच न्याय आम्हांलाही लागू आहे. ‘आम्ही पूर्वीचे ब्राह्मण’ ही फुशारकी सोयरीक जुळवताना अजून ऐकू येते. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जे धुतले नाही, ते निदान या पुस्तकाने धुवावे.

ऑर्नित शनी यांचे ‘हाऊ इंडिया बिकेम डेमोक्रॅटिक’ (२०१८) सांगते, की संविधान अमलात येण्यापूर्वीच प्रौढ मताधिकाराच्या मतदारयाद्यांचे काम सुरू झाले होते. मतदानाच्या दिवशी सहलीला जाणाऱ्यांनी ते अवश्य वाचावे. एड याँग यांचे ‘ॲन इमेन्स वर्ल्ड’ (२०२२) वटवाघूळ, कासव, हत्ती यांना हे जग कसे जाणवते ते उलगडते. निर्मात्याची स्तुती करणाऱ्यांना निर्मितीची इतकी तरी ओळख हवी.

माधव गाडगीळ यांचे ‘सह्याचला आणि मी’ (२०२३) तर मराठीतच आहे. त्यांच्या समितीच्या २०११ च्या पश्चिम घाट अहवालाविरुद्ध केरळात काही धर्मगुरूही उभे राहिले होते, हे आम्ही विसरू नये. पुढे २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ लिहून पृथ्वीची हाक ऐकण्यास सांगितले. ते विश्वपत्र व्यासपीठावरून गौरवायचे आणि शेत विकून मातीभराव करू द्यायचा, हा दुटप्पीपणा आहे.

इंग्रजीची सबब मुलांना इंग्रजी शाळेत घालणाऱ्यांनी तरी सांगू नये. त्यांनी मुलांकडून वाचून घ्यावे. तेवढाच संवाद घडेल. प्रत्येक धर्मग्रामाने सणाच्या फटाक्यांतून थोडी रक्कम वाचवून ही पुस्तके घ्यावीत आणि रविवारच्या मिस्सानंतर सभागृहातले कपाट तासभर उघडे ठेवावे. त्याला कुलूप नसले तरी चालेल. आमच्यात पुस्तके चोरीला जाऊ लागली, तर तो सुदिनच म्हणायचा!