दुसरी किल्ली

बँकेत आम्ही तिजोरीची दुसरी किल्ली मोहोरबंद लखोट्यात घालून दुसऱ्या शाखेत ठेवीत असू. आपल्या पेढीच्या संगणकाचे काय? परिचयातील एका पेढीत थोरले बंधू अकस्मात निवर्तले. मुख्य पासवर्ड केवळ त्यांनाच ठाऊक होता. जीएसटी विवरणपत्राची २० तारीख तोंडावर आलेली. सुदैवाने विंडोजमध्ये प्रशासकाचे दुसरे खाते होते. त्यातून नवा पासवर्ड देता आला. मात्र डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल आणि मागितल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की सापडली नाही, तर आतील हिशेबाला मुकावे लागते. म्हणून प्रशासकाचे दुसरे खाते आजच उघडावे. पासवर्ड व रिकव्हरी की लिहून लखोटा तिजोरीत ठेवावा; घरातील दोघांना सांगावे. पासवर्ड बदलला की लखोटाही बदलावा.