कुलूपबंद दारापुढील पालखी

शहरी मराठीत ‘शिमगा’ हा शब्द आरडाओरड आणि शिवीगाळ एवढ्याच अर्थाने उरला आहे. कोकणातील खेड्यात मात्र शिमगा म्हणजे देवाने भक्ताच्या घरी येण्याचा काळ. वर्षभर गाव देवळात जाते. फाल्गुनात ग्रामदेवतेची पालखी ढोलताशांच्या गजरात खांद्यांवर नाचते आणि घरोघरी जाते. अंगणात रांगोळी रेखलेली असते, सुवासिनी देवीची ओटी भरतात, नवस फेडले जातात.

याच दिवसांत रत्नागिरी जिल्ह्यातील गावांत नमन-खेळे रंगतात. मृदंग आणि टाळ यांच्या साथीने देवतांना नमन, मग गण, गवळण आणि शेवटी वग असा हा खेळ. काळ्या वेशातील, उंच टोपीचा, पांढऱ्या दाढीचा संकासुर आणि स्त्रीवेशातील गोमू यांच्यावाचून त्याला पूर्णता नाही. दिवसा शेतात राबणारा माणूस रात्री राजा होतो. या विद्येला शाळा नाही. वडिलांच्या शेजारी बसूनच मुलगा मृदंगाचे बोल शिकतो.

आज तो मुलगा शेजारी नाही. रोजगाराने तरुणांना मुंबई-पुण्यास नेले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, गाव जवळ आले. पण फाल्गुन येतो तो नेमका मुलांच्या परीक्षा आणि कार्यालयांच्या वर्षअखेरीच्या सुमारास. गणपतीला भरलेली घरे शिमग्याला बंद राहतात. पालखी अंगणात येते, तेव्हा दाराला कुलूप असते.

मुंबईच्या नाट्यगृहांत नमनाचे प्रयोग तिकीट लावून होतात, ही समाधानाची बाब आहे. कलावंताला त्यातून मान आणि मानधन मिळते. तथापि, तेथे समोर बसलेला मनुष्य प्रेक्षक असतो. गावात तोच यजमान असतो. यजमान नसेल, तर कला टिकेल, पण उत्सव संपेल.

अनुदानाने वेशभूषा मिळेल, पालखीला खांदा मिळणार नाही. प्रत्येक कुटुंबाने भावंडांत पाळी लावून शिमग्याला एकाने तरी घर उघडावे आणि घरातील एका मुलाला मृदंगाशेजारी बसवावे. देव दारी येण्याची परंपरा अजून जिवंत आहे; प्रश्न आहे तो दार उघडण्याचा.